जिल्ह्याच्या सरासरीआडचा तालुका

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा ज्या माण गावच्या शिवारात उभा राहिला, त्या गावाकडे बोट दाखवून पुणे जिल्ह्यात रोजगाराची ददात नाही असा निर्वाळा जे देतात, त्यांनी त्याच मुळशी तालुक्यात पौड ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने एकदा जरूर जावे. मुंबईला वीज पुरविण्यासाठी टाटांनी बांधलेल्या ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सेनापती बापटांसह सत्याग्रह केला, त्या धरणाच्या काठच्या गावांत भाताची सुगी सरली की हाताला काम उरत नाही आणि तरण्या पोरांना गाव सोडावे लागते.

खुद्द माणमध्ये तरी सारे आलबेल आहे काय? ज्यांच्या नावे सातबारा होता त्यांना भूसंपादनाचा मोबदला मिळाला, काहींनी त्यातून खोल्या बांधल्या, भाडे सुरू झाले; पण दुसऱ्याच्या खाचरात चिखल तुडवून लावणी करणाऱ्या भूमिहीन बाईचे नाव कोणत्याच दप्तरात नसल्यामुळे तिची मजुरी गेली ती विनामोबदला. आणि त्या खोल्यांत ‘कॉट बेसिस’वर राहणारा, बीड-परभणीकडून आलेला पदवीधर फाटकापाशी गाड्यांचे क्रमांक वहीत टिपत बारा तास उभा असतो, कंपनीच्या आवारात राबूनही तो कंपनीचा नव्हे, ठेकेदाराचा माणूस. सरासरी काढताना मात्र तो आणि आतला अभियंता, दोघेही सारखेच ‘रोजगारप्राप्त’!

प्रादेशिक असमतोलाची मोजदाद महाराष्ट्राला नवी नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य यांचा अनुशेष जिल्हावार मांडला, हे तिचे ऋण मोठेच. परंतु जिल्हा हेच एकक धरले की मुळशीचा पश्चिम भाग पुण्याच्या वैभवाखाली गाडला जातो. गावपातळीवर नोंद ठेवणे अशक्य आहे, ही सबब मला मान्य नाही, कारण मागेल त्याला काम देण्याची हमी देणाऱ्या १९७७ च्या अधिनियमाखाली याच राज्याने मजुरांची नावे गावोगाव नोंदविली आहेत. सरकारने आता तालुकावार आकडे दरसाल जाहीर करावेत, त्यांत कायम किती, कंत्राटी किती, आणि गाव सोडून गेलेले किती, हे वेगवेगळे दाखवावे; उद्योगांना सवलती देतानाही जिल्ह्याचे नाव न पाहता हे तालुक्याचे आकडे पाहावेत.