सोनिवलीच्या अंगणवाडीत हे का होऊ नये?

मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, आलेले दोन-चार शब्दही हळूहळू विसरते, खेळण्यातल्या गाडीचे चाक तेवढे तासन्तास फिरवत बसते. अशा वेळी आपल्या वस्त्यांमध्ये आईला काय सांगितले जाते? मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, जरा थांबा! कोणी दृष्ट काढायला सांगतो, कोणी अंगारा आणून देतो. या थांबा-थांबात मुलाच्या आयुष्यातली सर्वात मोलाची वर्षे निघून जातात आणि शाळेत नाव घालायची वेळ आली म्हणजे आईबापांच्या कानावर ‘ऑटिझम’ हा शब्द पहिल्यांदा पडतो. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात.

स्वमग्नता हा रोग नव्हे, की तो गोळीने बरा व्हावा. मेंदूची जडणघडणच वेगळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात दर 127 माणसांमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे बंगल्यातल्या मुलाला होते आणि चाळीतल्या मुलाला होत नाही असा हा प्रकार नाही. फरक पडतो तो पुढे. बंगल्यातल्या मुलाला दुसऱ्या वर्षी तज्ज्ञ मिळतो, चाळीतल्या मुलाला सहाव्या वर्षी ‘मंद’ हे विशेषण मिळते.

आणखी एक अन्याय आईवर होतो. एकेकाळी पाश्चात्त्य देशांतले मोठमोठे डॉक्टरसुद्धा सांगत होते की, आईच्या माया नसलेल्या वागण्यामुळे मूल असे होते. 1964 साली बर्नार्ड रिमलँड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशाच एका मुलाचा बाप होता, ग्रंथ लिहून ही समजूत मोडीत काढली. शास्त्राने आईला निर्दोष ठरवून साठ वर्षे झाली. आपल्या घरात सासू, नणंद आणि शेजारीण मात्र अजून तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. हे थांबले पाहिजे.

आईचा दोष नाही, पण आईच्या हातात मोठी शक्ती आहे, आणि ती शक्ती वापरायला शिकवता येते. आमच्या आजच्या लेखाचा मुद्दा हाच आहे. थेरपिस्टकडे मूल आठवड्यातून एक-दोन तास जाणार. उरलेला सगळा वेळ ते घरात असते. म्हणून मुलासोबत आईबापांनाच शिकवायचे, अशी पद्धत जगभर रुजते आहे. शिकवायचे काय? मुलाच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीवर बसायचे. आपला खेळ त्याच्यावर न लादता, ते ज्यात रमले आहे त्यात आपण शिरायचे. मोठी वाक्ये न बोलता एकेक, दोन-दोन शब्द बोलायचे. हवी असलेली वस्तू लगेच हातात न देता क्षणभर थांबायचे, म्हणजे मूल नजरेने, हाताने किंवा आवाजाने ती मागेल. मोबाईल बाजूला ठेवायचा. नळाला पाणी आले की बादली भरताना, कणीक मळताना, अंघोळ घालताना हे सारे करता येते. त्याला महागडे खेळणे लागत नाही.

हे नुसते बोलणे नव्हे. आपल्या शेजारच्या गोव्यात हा प्रयोग झालेला आहे. ‘संगथ’ या संस्थेने गोव्यात आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 2016 साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात छापून आले. यात आईबापांना शिकवणारे लोक डॉक्टर नव्हते, थेरपिस्टही नव्हते. ते प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ते आईचा आणि मुलाचा खेळ चित्रित करीत, मग आईसोबत बसून तो पाहत आणि ‘इथे तुम्ही थांबलात, म्हणून त्याने तुमच्याकडे पाहिले’ अशा तऱ्हेने तिचेच बरोबर आलेले तिला दाखवीत. परिणाम असा दिसला की, आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलेही आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळ्याच बाबतीत सुधारणा झाली असे नाही, आणि कोणी ‘मूल बरे करून देतो’ म्हणत असेल तर तो फसवतो आहे. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनेच 2022 साली स्पष्ट केले आहे. दागिने गहाण ठेवून अशा दुकानांच्या पायऱ्या चढू नका, असे आम्ही आईबापांना कळकळीने सांगतो.

आता बदलापूर पश्चिमेच्या सोनिवलीचा विचार करू. बाप सकाळच्या लोकलने कामाला जातो, आई घरकामाला किंवा कारखान्यात. तिला जर कोणी सांगितले की, मुलाला घेऊन ठाण्याला चला, तर बदलापूर ते ठाणे 34 किलोमीटर. केंद्र सरकारने जून 2021 मध्ये देशात 14 ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली, त्यातले मुंबईचे केंद्र वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आहे. तिकडे जायचे तर दादरला गाडी बदलायची. गर्दीला आणि आवाजाला घाबरणारे मूल कडेवर घेऊन हा प्रवास दर आठवड्याला करायचा आणि त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडायचे! दोन वेळा जाईल, तिसऱ्या वेळी जाणार नाही. मग कागदावर लिहिले जाईल की, ‘पालक नियमित येत नाहीत.’

म्हणून आम्ही म्हणतो, आईला केंद्राकडे बोलावू नका, शिकवणारा माणूस तिच्या वस्तीत पाठवा. यासाठी नवा कायदा नको. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि त्याचे कलम 25 सांगते की, सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाली, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी हे त्या कार्यक्रमाचे काम आहे. 28 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धतीही जाहीर केली. सारे कागदावर आहे, ते सोनिवलीत उतरवायचे आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली, 16 ते 24 महिन्यांच्या वयात गोवर-रुबेलाची दुसरी लस द्यायला प्रत्येक आई येते. त्याच दिवशी तिला वीस प्रश्नांची ‘एम-चॅट’ चाचणी विचारा, म्हणजे संशय वेळेत येईल. दुसरी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यातल्या वस्त्यांमधून शिकलेल्या मुली निवडून त्यांना पालक-प्रशिक्षणाचे शिक्षण द्या आणि त्यांना पगार द्या. आधीच कामाच्या ओझ्याखाली वाकलेल्या अंगणवाडी सेविकेवर हे फुकटात लादू नका. तिसरी, स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेने त्यातला वाटा या कामाला द्यावा. साहित्याचे वाटप एका दिवसात संपते, आईला दिलेली विद्या वर्षानुवर्षे उपयोगी पडते. चौथी, ज्या दिवशी आई किंवा बाप शिकायला बसेल, त्या दिवसाच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करा.

ही शेवटची मागणी ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. त्यांना आम्ही आठवण देतो. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी हेच मांडले होते की, आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार मुख्यतः सरकारने उचलावा. आईच्या वेळेला किंमत आहे, ही गोष्ट त्यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी सांगितली. मुलाला बोलते करण्यासाठी झटणाऱ्या आईचा वेळ आजही फुकटात धरायचा काय?

आणि बापांनीही ऐकावे. हे काम एकट्या आईचे नाही. रात्री घरी आल्यावर अर्धा तास मुलासमोर जमिनीवर बसा. वस्तीतल्या विहारात, मंडळात, महिला बचत गटात या विषयावर बोला. ज्या घरात असे मूल आहे त्या घराला लाज वाटू देऊ नका. मूल हाकेला वळत नसेल तर ‘थांबा’ म्हणणाऱ्यांचे ऐकू नका, त्याच आठवड्यात अंगणवाडी गाठा. आणि अंगणवाडीने तुम्हाला रिकाम्या हाताने परत पाठवले, तर नगरपरिषदेच्या दारात जा आणि कायद्याने जे तुमचे आहे ते मागा.