जॅझ वाजवणाऱ्यांची नावं कुणी लिहायची?

1917 साली न्यूयॉर्कमध्ये जॅझची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्यावर वाजवणारे पाचही वादक गोरे होते. ज्या काळ्या वादकांनी न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकांत, अंत्ययात्रांत आणि नाचघरांत हे संगीत घडवलं, त्यांचा अग्रणी मानला जाणारा बडी बोल्डन तेव्हा वेड्यांच्या इस्पितळात होता. 1900च्या आसपास त्याच्या कॉर्नेटचा आवाज शहरभर गाजत होता. 1907 साली त्याला इस्पितळात टाकलं आणि 1931 साली तो तिथेच वारला. त्याचा एकही सूर आज कुठे ऐकायला मिळत नाही.

जॅझच्या इतिहासाची सुरुवातच अशी आहे: निर्मिती एकाने करायची, नाव दुसऱ्याचं व्हायचं. ही गोष्ट फक्त अमेरिकेची असती, तर बीड जिल्ह्यातल्या, गेवराई तालुक्यातल्या उमापूरच्या वाचकापुढे ती मांडण्याचं फारसं कारण नव्हतं. पण तीच गोष्ट मुंबईत घडली, मराठी माणसांच्या संगतीत घडली, आणि तिचा एक धागा थेट गोदाकाठाशी जोडलेला आहे.

जॅझ म्हणजे पंचतारांकित हॉटेलातली श्रीमंतांची करमणूक, हा आपल्याकडचा पक्का समज. तो मुळातून चुकीचा आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये काँगो स्क्वेअर नावाचं एक मैदान होतं. तिथे गुलामांना रविवारी जमायची, वाजवायची, नाचायची मुभा असे. शेतात राबताना एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही त्यांची गाण्याची रीत. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे राहतात, त्याच जातीची. त्यात चर्चमधली भक्तिगीतं मिसळली. लष्करी बँडची पितळी वाद्यं त्यांनी आपलीशी केली. त्यांच्याच ब्लूज या गीतप्रकाराचा साचा तर इतका साधा की बारा मात्राखंड, तीन स्वरसंघ आणि तीन ओळी, त्यातही पहिली ओळ दोनदा. एवढ्या आखूड अंगणात दर वेळी नवं काही वाजवायचं, ही खरी कसोटी. ख्यालाच्या दोन ओळींच्या बंदिशीत तासभर बढत करणाऱ्या गवयाच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको.

मुंबईत जॅझ आलं ते मात्र हॉटेलाच्या दारातूनच. 1935च्या अखेरीस व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वादकांचा ताफा घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. वेदरफोर्ड पुढे भारतातच राहिला आणि 1945 साली कोलकात्यात पटकीने गेला. या मंडळींकडून जॅझ उचललं ते गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या शाळांमुळे त्यांना स्वरलिपी वाचता येत होती, व्हायोलिन आणि ट्रंपेट हाताशी होतं. कागदावर नसलेलं वाजवायचं कसं, हे त्यांनी या काळ्या उस्तादांच्या शेजारी बसून शिकून घेतलं. आल्दोन्याचा ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला आणि त्याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

मग स्वातंत्र्य आलं. गोरे साहेब गेले, संस्थानिकांची चैन आटली आणि 1949 सालच्या दारूबंदी कायद्याने मुंबईच्या नाचघरांचा कणाच मोडला. पोटापाण्यासाठी हे वादक दादर, महालक्ष्मी, ताडदेवच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांची गाठ पडली आपल्या माणसांशी.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म 1918, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुणतांब्याला वळसा घालून निघालेली गोदावरी पुढे पैठण ओलांडते आणि गेवराई तालुक्याच्या उत्तर हद्दीवरून वाहते. त्या काठच्या या माणसाने मुंबईत चिक चॉकलेटला सोबत घेतलं आणि हिंदी गाण्याची चाल बदलून टाकली. ‘शहनाई’ हा चित्रपट 1947चा, ‘अलबेला’ 1951चा. ‘अलबेला’तलं ‘शोला जो भडके’ ऐकताना ते बोंगो, ते क्लॅरिनेट, ते ट्रंपेट नीट ऐकावं. पडद्यावर नाचणारे भगवान पालव गिरणी कामगाराचे पुत्र. त्याच चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. गोदाकाठचा संगीतकार, गिरणगावचा नट, गोव्याचा ट्रंपेटवादक आणि मूळ न्यू ऑर्लिन्सची लय, असा हा मेळ. उभ्या महाराष्ट्राने त्यावर ताल धरला आणि त्याला जॅझ म्हणतात हे कुणाला कळलंही नाही.

इथवर गोष्ट आनंदाची आहे. पुढची खटकते.

त्या काळच्या तबकड्यांवर गायकाचं नाव असे, संगीतकाराचं असे, चित्रपटाचं असे. वाद्यमेळ रचणाऱ्याचं आणि वाजवणाऱ्यांचं क्वचितच. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा भरजरी वाद्यमेळ बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा किती रसिकांना ठाऊक आहेत? अँथनी गोन्साल्विस हे नाव मात्र साऱ्या देशाला पाठ आहे. पण ते 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभ बच्चनमुळे. खरे अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि त्या चित्रपटाचे एक संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. 1958 साली त्यांनी मुंबईत भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारे कार्यक्रम केले होते. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात गुंफलं, ही त्याची कृतज्ञता. देशाने ते फक्त विनोदी पात्राचं नाव म्हणून लक्षात ठेवलं, ही आपली बेपर्वाई. 

सरकारी पातळीवरचं चित्र याहून वेगळं नव्हतं. 1952 साली नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मोठा आधार दिला, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पाश्चात्त्य वळणाच्या चित्रपटगीतांवर त्यांची इतकी खप्पामर्जी की आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. संगीताची शुद्ध-अशुद्ध अशी वाटणी करणाऱ्या त्या दृष्टीने पुढे फार नुकसान केलं. अमेरिकन जॅझ वादक डेव्ह ब्रुबेक 1958 साली भारतात आला, ड्यूक एलिंग्टन 1963 साली आला, 1978 साली मुंबईत जॅझ यात्रा हा महोत्सव सुरू झाला. मराठी सांस्कृतिक जगात यांचा म्हणावा तसा पडसाद उमटला नाही. जॅझ इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईचं, हे ठरूनच गेलं होतं.

आणि इथे मराठवाड्याची गोष्ट सुरू होते. काळ्या अमेरिकेचं साहित्य मराठीत आणण्यात हा प्रदेश सगळ्यांच्या पुढे होता. औरंगाबादचं मिलिंद महाविद्यालय, अमेरिकेत शिकून आलेले डॉ. म. ना. वानखडे, गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’, आणि लातूरच्या डॉ. जनार्दन वाघमारे यांचं ‘अमेरिकन निग्रो: साहित्य आणि संस्कृती’ हे 1978 सालचं पुस्तक. या माणसांनी लँग्स्टन ह्यूज, राल्फ एलिसन, जेम्स बाल्डविन ही नावं मराठी वाचकापर्यंत पोचवली. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्याआधी कितीतरी वर्षं, 1913 ते 1916, डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या हार्लेम वस्तीच्या अगदी शेजारी. 1946 साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्रही लिहिलं होतं.

याच ड्यू बॉइस यांच्या 1903 सालच्या ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’मध्ये प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या शोकगीताची स्वरलिपी छापली आहे. ह्यूजचा 1926चा पहिला संग्रह ब्लूजचंच नाव धारण करतो आणि त्यातल्या ओळी ब्लूजसारख्या परत परत फिरून येतात. एलिसन लेखक होण्याआधी ट्रंपेट शिकत होता; त्याच्या ‘इनव्हिजिबल मॅन’चा निवेदक तळघरात आर्मस्ट्राँगची तबकडी ऐकत बसतो. बाल्डविनच्या ‘सनीज ब्लूज’मध्ये थोरल्या भावाला धाकट्याचं दुःख कळतं ते त्याचा पियानो ऐकल्यावर. टोनी मॉरिसनने 1992 साली कादंबरीचं नावच ‘जॅझ’ ठेवलं. चित्रकारही यातून सुटले नाहीत: हार्लेममध्ये ॲरन डग्लस आणि रोमेर बिअर्डन, आणि युरोपातून जीव वाचवून न्यूयॉर्कला आलेला पीट माँड्रियान. म्हाताऱ्या माँड्रियानने बूगी-वूगी या ब्लूजच्या पियानोशैलीच्या नादात आपल्या काळ्या रेषा टाकून दिल्या आणि पिवळ्या, लाल, निळ्या तुकड्यांचं ‘ब्रॉडवे बूगी-वूगी’ रंगवलं.

म्हणजे ज्या साहित्याने आपल्याला हलवलं, त्याचा श्वास संगीतात होता. आपण ते वाचलं, पण ऐकलं नाही. मराठवाड्यातल्या अभ्यासकांनी हे ऐकणं आता करावं, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं. ज्यांच्या घरात आंबेडकरी जलशांची गाणी पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली, वामनदादा कर्डकांचे शब्द तोंडपाठ आहेत, त्यांना गायिका बिली हॉलिडेचं 1939 सालचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ परकं वाटणार नाही. झाडाला लटकवलेल्या माणसांवरचं ते गाणं अर्थ कळला की अंगावर येतं.

आता पुन्हा नावांकडे. न्यू ऑर्लिन्सप्रमाणेच आपल्याकडेही छावण्यांतले लष्करी बँड पाहून लग्नाचे बँड उभे राहिले. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, कधी सॅक्सोफोन, जोडीला ढोल. मराठवाड्याच्या गावोगावी सी. रामचंद्रांच्या, शंकर-जयकिशनच्या चाली नुसत्या कानाने उचलून रस्त्यावर वाजवणारी ही माणसं. लोक त्यांना बँडवाले एवढंच म्हणत आले. वरातीत नवऱ्याचं कौतुक झालं, मालकाचं नाव गाडीवर रंगवलं गेलं, पण क्लॅरिनेटवर कोण होतं हे कुणी विचारलं नाही. आज डीजेच्या भिंतींनी त्यांचं काम हिरावलं आहे आणि जुने वादक थकले आहेत. परदेशी अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी भारतातल्या लग्नाच्या बँडवर 2005 साली आणि मुंबईच्या स्टुडिओ वादकांवर 2008 साली अख्खी पुस्तकं लिहिली. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझचा इतिहास 2012 साली लिहिला. तिन्ही पुस्तकं इंग्रजीत आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने बीड जिल्ह्यातल्या बँड वादकांच्या मुलाखती आणि त्यांचं वादन ध्वनिमुद्रित करण्याचं काम हाती घ्यावं. फर्नांडिस आणि बूथ यांची पुस्तकं मराठीत आणावीत. आणि उमापूरपासून गेवराईपर्यंत ज्यांच्या घरी, भावकीत वा शेजारी कधीकाळी क्लॅरिनेट किंवा ट्रंपेट वाजवलेला माणूस आहे, त्यांनी विद्यापीठाची वाट न पाहता त्याच्यापाशी बसावं. तो कुणाकडे शिकला, कोणती गाणी वाजवायचा, सोबत कोण कोण असायचं, हे त्याच्या नावगावासह वहीत उतरवून घ्यावं.