आयनोफोअर कोणासाठी?

इक्सीनंतर, म्हणजे सुईने शुक्राणू थेट बीजांडात सोडल्यानंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही बीजांडात दोन प्रोन्यूक्लिअस दिसले नाहीत, की पहिला संशय सुई धरणाऱ्या हातावर येतो. पुष्कळदा हात निर्दोष असतो. शुक्राणू आत पोचलेला असतो, पण बीजांड जागे झालेले नसते.

ते जागे करणारे विकर शुक्राणू सोबत घेऊन येतो. १९९६ मध्ये ‘ऑसिलिन’ नावाच्या प्रथिनाला हा मान मिळाला होता, तो टिकला नाही. २००२ मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी पीएलसी-झीटा पुढे आणले. त्याच्यामुळे बीजांडात आयपी-३ तयार होते आणि एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये साठलेले कॅल्शियम सुटते. एकदा सुटून थांबत नाही, काही मिनिटांच्या अंतराने तासन्‌तास लाटा येत राहतात. त्या लाटांनी एमी-२ चा अडसर निघतो, सायक्लिन-बी नष्ट होते आणि दुसऱ्या मेटाफेजमध्ये थबकलेले विभाजन पुरे होते.

बीजांडाला कृत्रिमरीत्या जागे करण्यासाठी वापरले जाणारे आयनोफोअर हे रसायन ही लय देत नाही. एकदाच कॅल्शियम चढवते आणि थांबते. तरी ग्लोबोझूस्पर्मियामध्ये, म्हणजे शुक्राणूंची डोकी गोल असतात तेव्हा, ते उपयोगी पडते, कारण तिथे उणीव नेमकी पीएलसी-झीटाची असते. दोष बीजांडाचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. वी-२ जनुकात बिघाड असलेल्या स्त्रीच्या बीजांडात कॅल्शियमच्या पुढचीच पायरी तुटलेली असते. तिथे आयनोफोअर कितीही वापरा, फलन होत नाही. दोन्ही रुग्णांच्या केस पेपरवर शेरा मात्र एकच असतो: ‘फलन झाले नाही’.

युरोपातील एश्रे या संस्थेने २०२३ च्या शिफारशींत आयनोफोअरसारख्या कृत्रिम सक्रियीकरणाला पूर्णपणे अयशस्वी किंवा अत्यल्प फलन आणि ग्लोबोझूस्पर्मिया एवढीच जागा ठेवली आहे. आपल्याकडे ते ‘असू द्या, काय बिघडते’ म्हणून वापरले जाते, आणि जोडप्याच्या बिलात एक ओळ वाढते. मागची फेरी फसली असेल तर पुढच्या वेळी अर्धी बीजांडे आयनोफोअरमध्ये ठेवावीत, अर्धी तशीच. निदान फरक तरी कळेल. इंजेक्शन दिलेली परिपक्व बीजांडे किती होती, त्यांतली किती सक्रिय झाली, हे आकडे वेगळे लिहावेत. आणि ज्यांच्या पॅकेजमध्ये आयनोफोअर सरसकट धरलेले आहे, त्यांनी ते या महिन्यापासून काढून टाकावे.