घरचं नेटवर्क : एक टोक रिकामं दिसलं म्हणून

फराळ करता करता वाचत असाल, तर आधी माझा कबुलीजबाब ऐका.

गणपतीच्या कार्यक्रमात मुलांचं नाटुकलं सुरू झालं तेव्हा इथे साडेपाच, म्हणजे भारतात रात्रीचे नऊ वाजले होते. साताऱ्यात माझी आई जेवण लवकर उरकून फोनसमोर बसली होती. नात उंदीरमामा झाली होती ना! तिसऱ्याच मिनिटाला थेट प्रक्षेपण थांबलं. वायफाय गेलं, कुपनांच्या टेबलावरचं कार्ड मशीनही गेलं. तुम्ही सगळ्यांनी हॉलच्या इंटरनेटला नावं ठेवलीत. मीही ठेवली. पण गुन्हेगार मीच होतो. टेबलाखाली आवरताना एका केबलचं टोक रिकामं दिसलं, ते मी स्विचमध्ये खोचलं. दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये होतं.

एवढ्याने काय होतं? स्विचकडे काही निरोप 'सगळ्यांना सांगा' अशा प्रकारचे येतात. तो ते बाकीच्या सर्व पोर्टांवर पाठवतो. केबल फिरून त्याच स्विचमध्ये आली, तर तोच निरोप नवा समजून तो पुन्हा सगळ्यांना सांगतो. हळदीकुंकवाचं आमंत्रण फिरत फिरत यजमानीणबाईंकडेच यावं आणि त्यांनी पुन्हा गल्लीभर सांगत सुटावं, तसं. इथरनेटच्या निरोपावर 'इतक्या फेऱ्यांनंतर थांब' असं काही लिहिलेलं नसतं. बघता बघता खऱ्या कामाला जागा उरत नाही.

मी राउटर तीनदा बंद-चालू केला. शेवटी आपल्यातलीच अकरावीतली एक मुलगी म्हणाली, "काका, सगळे दिवे एकदमच का लुकलुकतायत?" आणि तिने एकेक केबल उपसायला सुरुवात केली. चौथ्या केबलला नेट परत आलं. तोवर आरती सुरू झाली होती.

यावरचा उपाय जुना आहे. १९८५ मध्ये डीईसी कंपनीत रेडिया पर्लमन यांनी 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत शोधली. स्विच आपापसांत बोलून एकाला मुख्य ठरवतात आणि वेटोळं तयार करणारी वाट बंद ठेवतात. चालू वाट तुटली, तर बंद ठेवलेली उघडतात. पण आपला स्विच होता स्वस्तातला 'अनमॅनेज्ड'. त्याला काही सांगताच येत नाही.

आता मंडळाने आठ पोर्टांचा 'मॅनेज्ड' स्विच घेतलाय. त्याचं पान ब्राउझरमध्ये उघडतं. पहिलं काम, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलणं. दुसरं, 'लूप प्रिव्हेन्शन' चालू करणं. आणि तिसरं, जे मी विसरलो होतो : 'सेव्ह'. बऱ्याच स्विचमध्ये बदल लगेच लागू होतात, पण वेगळं सेव्ह केलं नाही तर वीज गेल्यावर पुसले जातात.

असा स्विच घरीही कामाचा आहे. होमऑफिसचा लॅपटॉप आणि मुलांचा टीव्ही एकाच नेटवर्कवर नको असेल, तर फ्रिट्झबॉक्सच्या बऱ्याच मॉडेलमध्ये 'लॅन ४' हे पोर्ट पाहुण्यांसाठी वेगळं काढता येतं. लॅन १ आणि लॅन ४ अशा दोन केबल स्विचला आणा आणि पोर्टांचे दोन गट करा, म्हणजे व्हीलॅन. इथे हमखास फसायला होतं : पोर्ट गटात घातलं तरी त्याचा 'पीव्हीआयडी'ही बदलावा लागतो, नाहीतर आत येणारा डेटा जुन्याच गटात जातो. ज्या पोर्टावरून तुम्ही स्विचशी बोलताय, त्याला मात्र सगळ्यात शेवटी हात लावा. मी तो आधी बदलला आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. मग बायकोच्या साडीची पिन घेऊन रीसेटचं भोक शोधत बसलो.

जाता जाता दिवाळीची भेट म्हणून एक गोष्ट. १९९० च्या सुमारास अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला तो सिलिकॉन व्हॅलीतल्या 'कल्पना' नावाच्या कंपनीने. भारतीय वंशाचे सहसंस्थापक विनोद भारद्वाज यांच्या पत्नीचं हे नाव. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. पुढच्या पिढीला सांगा, ऑफिसात मिरवता येईल.

दिवाळीच्या कार्यक्रमाला उंदीरमामा पुन्हा मंचावर येणार आहेत, खास आजीच्या आग्रहावरून. स्विचच्या झाकणावर आमच्या अकरावीवालीने मराठी आणि जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवली आहे : कुठल्या पोर्टाला काय जोडलंय, पासवर्डचं पाकीट कोणाकडे आहे. पोर्ट आठ तुम्हाला रिकामं दिसेल. ते रिकामंच राहू द्या. काका, हे खास तुमच्यासाठी, असंही तिने खाली लिहिलंय.