साबण हवा, भेगा नकोत!



थंडी पडली की तुमचे हात कसे दिसतात, बघितलंत का कधी नीट? पांढरट, खरखरीत आणि बोटांच्या पेरांवर बारीक बारीक चिरा! मागच्या हिवाळ्यात आमच्या चौथीतला एक मुलगा खिचडीच्या रांगेत हात न धुताच ताट घेऊन उभा राहिला. विचारलं, तर म्हणाला, "बाई, साबण लावला की चरचरतं!" खरंच चरचरत होतं त्याला. पण हात न धुता जेवणं म्हणजे हगवण आणि जंतांना आमंत्रणच की! मग करायचं काय?

आधी हे होतं कसं ते पाहू. तुपाचं ताट नुसत्या पाण्याने स्वच्छ निघतं का? नाही. साबण लावला की तूप सुटतं. आता आपली कातडी घ्या. तिचा सगळ्यांत वरचा थर असतो विटांच्या भिंतीसारखा. मेलेल्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध पदार्थ म्हणजे चुना. हा चुना आतलं पाणी उडून जाऊ देत नाही. साबण हातावरचा मळ काढतो, तसा हा चुनाही थोडा थोडा नेतो. पाणी कढत असेल तर जास्तच! त्यात हिवाळ्याची कोरडी हवा. मग भिंत तडकते आणि त्या फटीतून जंतू आत शिरू शकतात.

म्हणून एवढं करा:

१. पाणी साधं किंवा कोमट घ्या. कढत नको.

२. अंगाचाच साबण वापरा. कपड्यांची पावडर किंवा भांड्यांचा साबण हाताला लावू नका.

३. सावकाश 20 अंक मोजेपर्यंत हात चोळा. मग साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत धुवा.

४. हात खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. बोटांच्या बेचक्यासुद्धा!

५. हात किंचित ओलसर असतानाच खोबरेल तेलाचे दोन थेंब किंवा व्हॅसलीन चोळा. कोकणात भेगांना कोकमाचं तेल लावतात, तेही चालेल.

आमच्या वर्गाच्या कपाटात आता खोबरेलची बाटली असते. हात धुवायला कुणी कुरकुरत नाही!

आईबाबांसाठी दोन शब्द : भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, खाज थांबत नसेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि धुणीभांडी करणाऱ्या घरातल्या हातांनाही तेल लागतं, बरं का!

आता या आठवड्याचा उद्योग. हाताला भेगा नसतील, तर चार दिवस झोपताना फक्त डाव्या हाताला तेल लावा. पाचव्या दिवशी दोन्ही हात गालांवर फिरवून बघा. कुठला मऊ लागतो? आणि हो, त्या रात्री आईच्या हातांनाही तुम्हीच तेल लावून द्या.

तुमच्या
बाई