गावचा रेडिओ : बोलायला कोण बसणार?

आमच्या भागातली काही मंडळी गावचे रेडिओ केंद्र काढायचे म्हणतात. काढावेच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता असल्याचे सांगितले. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही परवाना मिळतो. साताऱ्यात म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी २००८ साली सुरू झाली.

बैठकीत चर्चा मात्र सगळी यंत्राची आणि पैशाची. मला डॉक्टर म्हणून वेगळीच काळजी वाटते. रोज संध्याकाळी तिथे बोलायला कोण बसणार?

पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात. घरचे अपचन समजून ओवा देतात, नाहीतर मांत्रिक गाठतात. त्यात प्रतिविषाची वेळ निघून जाते. दवाखान्यातल्या भिंतीवरचा तक्ता हे कुणाला सांगणार? तेच शेजारच्या वस्तीतली बाई आपल्या बोलीत, जेवणाच्या वेळी सांगेल, तर त्याच रात्री अंथरूण खाटेवर जाईल आणि मच्छरदाणी गादीखाली खोचली जाईल. अशा केंद्राचा आवाज फार लांब जात नाही, पण ओळखीचा असतो.

तरुणांचा उत्साह सुगीपर्यंत टिकतो, हा आपला अनुभव. म्हणून प्रत्येक वारासाठी दोन माणसे नेमा, त्यात एक बाई हवीच. आणि आम्हा डॉक्टरांना पाच मिनिटांच्या वर बोलू देऊ नका.