बिलात नसलेला दिग्दर्शक

डिसेंबर उजाडला की वाशिम जिल्ह्यात नाटक बसवणाऱ्याला भाव येतो. रिसोडपासून कारंजापर्यंत शाळांची स्नेहसंमेलने, कॉलेजांच्या एकांकिका. एरवी ‘सध्या काय करतोस?’ असे खोचकपणे विचारणारेच फोन करतात, ‘सर, आपल्या पोरांचं तेवढं बसवून द्या.’ मग हा गडी रोज संध्याकाळी घसा फोडून सांगत बसतो : प्रेक्षकांना पाठ दाखवू नको, वाक्य संपेपर्यंत हलू नको, माईककडे बघून बोलू नको. कार्यक्रम झाला की हिशेब. मंडप, साऊंड, ड्रेपरीचे भाडे, मेकअपवाला, सगळे व्हाउचरवर चढते. दिग्दर्शकाला शाल आणि नारळ. शालही बहुधा आधीच्या सत्कारातून उरलेली.

यावर शहाणी माणसे सांगतात, आधी नोकरी धर, मग नाटक कर. सल्ला इतिहासाला धरून आहे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेव्हा ते महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरीला होते. ‘घाशीराम कोतवाल’ आणि ब्रेख्तच्या संगीतिकेवरून पुलंनी केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बार पटेलांनी बसवला तो डॉक्टरकी सांभाळून. आपल्या भागाचेच बघा. १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’चे लेखक-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे, पण आडनावात दारव्हा. त्यातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, जन्माने मूर्तिजापूरचे. दोन्ही गावे शकुंतला रेल्वेच्या रुळावर, आणि मधले स्टेशन आपले कारंजा. दारव्हेकर मास्तर आकाशवाणीत, वसंतराव त्याआधी बरीच वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात. म्हणजे मराठी संगीत नाटकाला अनुदान दिले ते महसूल खात्याने आणि मिलिटरी अकाउंट्सने, तेही नकळत!

आज तो पगार कुठून आणायचा? नाटकाची जाण असलेला पोरगा तासिका तत्त्वावर शिकवतो किंवा कुठेतरी कंत्राटी असतो. सुट्टी मागितली तर पैसे कापले जातात. नोकरीच्या आधाराने नाटक करण्याचे दिवस नोकरीबरोबरच गेले. सल्ला तेवढा मागे राहिला.

जर्मनीत मध्यम शहरांतही सरकारी अनुदानावर ऑपेरागृह चालते आणि बाहेरून बोलावलेल्या दिग्दर्शकाशी लेखी करार होतो. वाशिमला कोणी ऑपेरागृह मागत नाही. पण ‘कलेचे कसले पैसे?’ हा प्रश्न तबलजीला कोणी विचारत नाही, मग दिग्दर्शकालाच का? पैसे अडले तर साऊंडवाला दुसऱ्या वर्षी स्पीकर आणत नाही. दिग्दर्शकाला मात्र अडवून ठेवण्यासारखे काही नसते; त्याने दिलेले पोरांच्या अंगात मुरलेले असते. म्हणूनच त्याचे पैसे बुडवणे सोपे जाते, आणि बुडवणाऱ्याला ते बुडवल्यासारखे वाटतही नाही.

यंदा संमेलनाचे अंदाजपत्रक करताना मुख्याध्यापकांनी आणि प्राचार्यांनी एवढेच करावे : दिग्दर्शकाचा आकडा मंडपाच्या वर लिहावा, आणि अर्धी रक्कम तालमीच्या पहिल्याच दिवशी द्यावी. मंडपवाला तरी याशिवाय खांब रोवतो का?